पदकावर १८०१ असले तरी ते १८०१ सालचे नसते : अमेरिकेच्या पहिल्या पिढीतील नेत्यांची ब्राँझ पदके जमवण्याची रीत

वॉशिंग्टन, फ्रँकलिन, जेफरसन, जॉन अॅडम्स, हॅमिल्टन, मॅडिसन यांची ब्राँझ पदके ऑनलाइन लिलावांमुळे आता घरबसल्या घेता येतात. पुण्या-मुंबईतले नाणीसंग्राहक ती मागवतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना तर ती शनिवार-रविवारच्या जुन्या बाजारातही दिसतात. बहुतेक जण मात्र क्रम उलटा धरतात. आधी पदक घेतात, मग ते काय आहे याचा शोध लावतात आणि शेवटी घासूनपुसून चकचकीत करून ठेवतात. यातली पहिली चूक पैशाला भोवते. तिसरी चूक पदकालाच भोवते आणि ती दुरुस्त होत नाही.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. तिसऱ्या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. तो नीट झाला तर पुढचे निम्मे प्रश्न उरत नाहीत.

## टप्पा १ : कोणत्या घराण्यातली पदके घ्यायची ते ठरवा

‘जेफरसनचे पदक हवे’ एवढे ठरवून भागत नाही. एकाच जेफरसनची पदके वेगवेगळ्या संस्थांनी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हेतूने पाडली आहेत. ती सगळी एकत्र गोळा केली की संग्रह होत नाही, ढीग होतो. सुरुवातीला एकच घराणे निवडा.

कोमिशिया अमेरिकाना. स्वातंत्र्ययुद्धातील कामगिरीबद्दल काँग्रेसने मंजूर केलेली पदके. बहुतेकांचे ठसे (धातूवर दाबून पदक उमटवायचे कोरीव साचे) पॅरिसमध्ये कोरले गेले. वॉशिंग्टनचे बोस्टन-विजयाचे पदक (मंजुरी २५ मार्च १७७६, व्यास सुमारे ६८ मिलिमीटर) द्युव्हिव्हिए याने केले. नॅथानिएल ग्रीन, डॅनिएल मॉर्गन आणि जॉन पॉल जोन्स यांची पदके ऑग्युस्तँ द्युप्रे याची. होरेशियो गेट्स आणि अँथनी वेन यांची गातो याची. ही मंडळी मुख्यतः सेनानी आहेत. मुत्सद्दी हवे असतील तर याच परिवारात द्युप्रेने केलेली फ्रँकलिनची पदके (१७८४ आणि १७८६) येतात. फ्रँकलिनच्याच कल्पनेतून आलेले ‘लिबर्टास अमेरिकाना’ हे सुमारे ४७-४८ मिलिमीटरचे पदकही याच पंक्तीतले. त्यावर व्यक्तिचित्र नसून स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा आहे.

शांतता-पदके आणि अध्यक्षीय मालिका. अमेरिकेतील आदिवासी जमातींच्या प्रमुखांना अध्यक्षांच्या नावाने चांदीची पदके दिली जात. पुढे त्याच नमुन्यांची ब्राँझ पदके फिलाडेल्फियाची सरकारी टांकसाळ संग्राहकांना विकू लागली आणि त्यातूनच अध्यक्षीय मालिका उभी राहिली. जेफरसनचा चेहरा जॉन राइखने कोरलेला, तर मन्रो आणि जॉन क्विन्सी अॅडम्स यांचे मोरिट्झ फ्युर्स्टने. पाठीमागे हस्तांदोलन करणारे दोन हात, एकमेकांवर आडवे ठेवलेले परशू आणि चिलीम, आणि ‘पीस अँड फ्रेंडशिप’ ही अक्षरे असतात. नवशिक्याने इथून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. पदके भरपूर मिळतात, आकार ठरलेले असतात आणि तुलनेसाठी नमुने सहज सापडतात.

हॉल ऑफ फेम मालिका. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या आवारात १९०० साली स्थापन झालेल्या ‘हॉल ऑफ फेम फॉर ग्रेट अमेरिकन्स’मधील व्यक्तींवर मेडॅलिक आर्ट कंपनीने १९६० आणि १९७०च्या दशकांत काढलेली पदके. आकार दोन, सुमारे ७६ आणि ४४ मिलिमीटर. प्रत्येक पदक वेगळ्या शिल्पकाराकडे दिलेले असल्यामुळे कलेच्या दृष्टीने ही मालिका मला सर्वांत समृद्ध वाटते. अजून ती तिच्या योग्यतेच्या मानाने स्वस्तही आहे.

शताब्दी आणि द्विशताब्दीची पदके. वॉशिंग्टनच्या अध्यक्षपदग्रहणाच्या शताब्दीचे १८८९ सालचे पदक, फ्रँकलिनच्या जन्माच्या द्विशताब्दीचे १९०६ सालचे पदक, आणि १९७२ ते १९७६ या काळातली क्रांती-द्विशताब्दीची छोटी ब्राँझ पदके. शेवटच्या गटात वॉशिंग्टन (१९७२), पॅट्रिक हेन्री आणि सॅम्युएल अॅडम्स (१९७३), जॉन अॅडम्स (१९७४), जेफरसन (१९७६) भेटतात. ही टपाल-तिकिटासह छापील पाकिटात आलेली असतील तर पाकीट फाडून पदक बाहेर काढू नका. पाकिटासह असलेल्या वस्तूलाच मागणी असते.

> सावधान : ‘फ्रँकलिन मिंट’ ही १९६४ साली स्थापन झालेली खासगी कंपनी आहे. तिचा अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीशी संबंध नाही आणि बेंजामिन फ्रँकलिनशीही नाही. तिची पदके वाईट नाहीत, पण ‘सरकारी’ म्हणून कोणी विकत असेल तर तिथेच थांबा.

## टप्पा २ : साधने आधी, पदके नंतर

खर्च फार नाही. ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजणारा डिजिटल व्हर्निअर कॅलिपर, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग (सोनार वापरतात ते), एका बाजूने प्रकाश टाकता येईल असा टेबललॅम्प, नायट्राइलचे हातमोजे आणि मऊ सुती फडक्याची घडी. कॅलिपरचे धातूचे जबडे पदकाच्या काठावर ओरखडा पाडतात, म्हणून त्यांवर कागदी टेपचा एक थर लावा आणि त्यानंतर कॅलिपर शून्यावर आणा.

सुती मोज्यांत पदक निसटते. ७६ मिलिमीटरचे पदक हातातून फरशीवर पडले की काठाला खोक पडलीच. म्हणून काम नेहमी टेबलावर, फडक्याच्या घडीवर, बसून करा. बोटे फक्त कडेला लागू द्या.

साधनांइतकेच संदर्भक्रमांक लागतात. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या १७९२ ते १८९२ या शतकातल्या पदकांना ज्युलियन यांच्या सूचीचे क्रमांक दिले जातात. त्यात ‘एमआय’ म्हणजे लष्करी, ‘आयपी’ म्हणजे शांतता-पदके, ‘पीआर’ म्हणजे अध्यक्षीय. वॉशिंग्टनच्या पदकांना बेकर यांचे क्रमांक आहेत. बोस्टन-विजयाचे पदक लिलावात ‘बेकर ४७’ किंवा ‘ज्युलियन एमआय-१’ असे दिसेल. न्यूमन न्युमिस्मॅटिक पोर्टलवर जुने लिलाव-कॅटलॉग फुकट वाचता येतात आणि अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहाची छायाचित्रे ‘मँटिस’ या तिच्या डेटाबेसवर आहेत. पहिली खरेदी करण्यापूर्वी निवडलेल्या घराण्यातली निदान वीस-पंचवीस पदके या दोन ठिकाणी डोळ्यांखालून घाला.

> तपासा : तुम्हाला हव्या असलेल्या पदकाचा व्यास, शिल्पकाराचे नाव आणि सूचीक्रमांक कागदावर लिहिलेला आहे का? नसेल तर अजून विक्रेत्याकडे जाऊ नका.

## टप्पा ३ : पदक कधी पाडले ते ओळखा

सर्वांत जास्त चुका इथे होतात.

पदकावरचे साल हे प्रसंगाचे साल असते. जेफरसनच्या पदकावर ‘ए.डी. १८०१’ आहे, कारण तो त्या वर्षी अध्यक्ष झाला. तोच नमुना टांकसाळ विसाव्या शतकातही पाडून विकत होती. जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीवर लेखकाचे मूळ प्रास्ताविक तारखेसकट छापलेले असते, तसाच हा प्रकार. मूळ किंवा नक्कल ठशांवरून नंतर पाडलेल्या अशा पदकाला संग्राहक ‘रीस्ट्राइक’ म्हणतात. रीस्ट्राइक म्हणजे नकली नव्हे. अधिकृत टांकसाळीने पाडलेली ती खरी वस्तू असते. फरक फक्त काळाचा आणि त्यामुळे किमतीचा.

जेफरसनच्या बाबतीत तर एक सोपा नियम आहे. जमातींच्या प्रमुखांना दिलेली मूळ पदके चांदीच्या दोन पातळ पत्र्यांची, कडेच्या पट्टीने जोडलेली, आतून पोकळ होती. म्हणजे ब्राँझचे, भरीव, ‘१८०१’ असलेले पदक जेफरसनच्या हयातीतले मानायला आधार नाही. ते संग्राहकांसाठी नंतर पाडलेले. जॉन अॅडम्सच्या कारकिर्दीत तर असे पदक निघालेच नव्हते, मालिकेतली मोकळी जागा भरण्यासाठी ते मागाहून केले गेले. विक्रेता ‘१७९७ मूळ’ म्हणत असेल तर त्याने हे वाचलेले नाही, किंवा तुम्ही वाचलेले नाही असे तो धरून चालला आहे.

ओळख पटवण्याचा क्रम असा ठेवा.

३.१ आधी कड पाहा. चेहरा नंतर. पॅरिसच्या टांकसाळीने १८३२ पासून पदकांच्या कडेवर छोटी खूण आणि धातूचे नाव दाबायला सुरुवात केली. दिशा दाखवणारा हात असेल तर १८४५ ते १८६०, मधमाशी असेल तर १८६० ते १८७९, फळाफुलांनी ओसंडणारे शिंग असेल तर १८८० आणि त्यानंतर. खुणेशेजारी तांब्यासाठीचा फ्रेंच शब्द (सी-यू-आय-व्ही-आर-ई) किंवा ‘ब्राँझ’ असतो. अलीकडच्या काही पदकांवर सालही असते. तेव्हा ‘लिबर्टास अमेरिकाना, १७८३’ म्हणून आलेल्या पदकाच्या कडेवर शिंग दिसले तर ते मूळ पदकापेक्षा जवळजवळ शंभर किंवा त्याहून अधिक वर्षांनी धाकटे आहे, वर कितीही जुना रंग चढलेला असो.

कोरी कड म्हणजे जुने, असे मात्र समजू नका. फिलाडेल्फियाच्या पदकांची कड सहसा कोरीच असते, जुन्यांचीही आणि नव्यांचीही. शिवाय कडेवरची खूण घासून काढणारे महाभाग आहेत. भिंगाखाली कडेवर एकाच जागी आडवे बारीक ओरखडे किंवा किंचित सपाटी दिसली तर ती जागा संशयाची.

मेडॅलिक आर्ट कंपनीच्या पदकांच्या कडेवर कंपनीचे नाव आणि गाव असते. कंपनी १९७२ मध्ये न्यूयॉर्कहून कनेटिकटमधील डॅनबरीला गेली, त्यामुळे गावाच्या नावावरूनही काळाचा अंदाज येतो.

३.२ मग मापे घ्या. व्यास दोन जागी, काटकोनात मोजा. जाडी काठावर मोजा. वजन करा. आकडे लिहा. वजनाचा आकडा एकटा काही सांगत नाही, कारण एकाच नमुन्याची वेगवेगळ्या काळातली पदके कमी-अधिक जाड असतात. पण लिलावाच्या नोंदीतल्या व्यास-जाडी-वजनाशी पडताळला की तो बोलायला लागतो.

३.३ धातू आणि रंग. एकोणिसाव्या शतकात टांकसाळीने ‘ब्राँझ’ म्हणून विकलेली कितीतरी पदके प्रत्यक्षात तांब्याची आहेत. पाडून झाल्यावर त्यांच्यावर भुकटी आणि उष्णता यांच्या साहाय्याने तपकिरी रंग चढवलेला असे. हा रंग गडद, चॉकलेटी किंवा महोगनी लाकडासारखा, एकसारखा आणि तुकतुकीत असतो. साधारण १९००च्या पुढे टांकसाळ खऱ्या ब्राँझकडे वळली आणि पिवळसर, दाणेदार मंद पृष्ठभागाची पदके येऊ लागली. आजच्या सरकारी पदकांत ९० टक्के तांबे आणि १० टक्के जस्त असते. त्यामुळे वर्णनात ‘ब्राँझ्ड कॉपर’ आणि ‘ब्राँझ’ यांत फरक केलेला आहे का, ते बारकाईने वाचा. ज्याला तो फरक कळतो तो विक्रेता बहुधा बाकीचेही नीट सांगतो.

३.४ शेवटी ठसा वाचा. आता चेहऱ्याकडे या. केसांच्या बटा, अक्षरांचे पाय, शिल्पकाराची सही, अक्षरे आणि काठ यांतले अंतर हे सगळे खात्रीच्या नमुन्याच्या छायाचित्राशी ताडून पाहा. ठसे झिजतात, तडकतात, मग नवे करावे लागतात. पॅरिसच्या मूळ पदकांवरून फिलाडेल्फियातही नक्कल ठसे करण्यात आले. नव्या ठशात मजकूर तोच राहतो, पण अक्षरांची ठेवण हुबेहूब जमत नाही. दोन छायाचित्रे एकाच आकारात शेजारी ठेवून अक्षराची टोके कोणत्या बटेसमोर, कोणत्या घडीसमोर येतात हे पाहण्याची सवय लावा. कंटाळवाणे काम आहे, पण नजर यातूनच तयार होते.

> सावधान : ज्युलियन क्रमांक दिला म्हणजे पदक एकोणिसाव्या शतकातले झाले असे नाही. विक्रेते विसाव्या शतकातल्या रीस्ट्राइकलाही नमुन्याचा तोच क्रमांक लावतात. क्रमांक नमुन्याचा असतो, तुमच्या हातातल्या प्रतीचा नव्हे.

> तपासा : ‘हे पदक अमुक टांकसाळीने, अमुक काळाच्या सुमारास पाडले’ असे वाक्य तुम्ही पुराव्यासह लिहू शकता का? ‘सुमारास’ चालेल. ‘वाटते’ चालणार नाही.

## टप्पा ४ : ओतीव नक्कल वेगळी काढा

अधिकृत रीस्ट्राइक ही एक गोष्ट आणि खऱ्या पदकाचा साचा घेऊन ओतलेली नक्कल ही वेगळी. ओतताना धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळ पदकाहून एक-दोन टक्के लहान भरते. ६८ मिलिमीटरचे पदक ६७च्या आसपास आले तर काळजी करा. भिंगाखाली सपाट जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा गोलसर होतात आणि पदकाच्या कडेवर कानस फिरवल्याच्या रेषा असतात. कडेच्या मधोमध सांधा दिसला तर ती बहुधा दोन पातळ कवच जोडून, आत शिसे भरून केलेली प्रतिकृती. बोटावर तोलून लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली तर ती बद्द वाजते.

‘ओतीव म्हणजे नकली’ हा नियम मात्र डोळे मिटून लावू नका. वॉशिंग्टनचे १८८९ सालचे शताब्दी-पदक मुळातच ओतीव आहे. ऑगस्टस सेंट-गॉडन्स आणि फिलिप मार्टिनी यांचे ते काम, गोरहॅम कंपनीने ओतलेले. तिथे प्रश्न असतो तो मूळ ओतीव आणि त्यावरून पुन्हा ओतलेले यांतला, आणि त्याला व्यास हाच खरा साक्षीदार. याउलट फ्रँकलिनचे १९०६ सालचे पदक (रचना लुई आणि ऑगस्टस सेंट-गॉडन्स बंधूंची, पाडले टिफनीने) ब्राँझमध्ये फक्त १५० नगांना मंजुरी होती आणि एक सोन्याचे फ्रान्सला द्यायचे होते. ते स्वस्तात, घाईने, छायाचित्रे धूसर ठेवून विकायला आले असेल तर हात आवरा.

अमेरिकेत १९७३च्या कायद्यानुसार नाण्या-पदकांच्या नकलांवर ‘कॉपी’ हा शब्द असावा लागतो. त्यामुळे अमेरिकेत त्यानंतर बनलेल्या प्रतिकृती ओळखायला सोप्या. त्याआधीच्या आणि बाहेरून आलेल्या नकलांवर तो शब्द असेलच असे नाही.

## टप्पा ५ : किंमत ठरवा, आणि ती लिहून ठेवा

विक्रीला लावलेल्या किमती पाहून भाव ठरवू नका. झालेल्या विक्रीच्या किमती पाहा. हेरिटेज आणि स्टॅक्स बोवर्स या लिलावगृहांच्या जुन्या लिलावांच्या नोंदी पाहता येतात. ईबेवर ‘सोल्ड’ हा पर्याय निवडा. तुलना करताना नमुना, आकार आणि पाडण्याचा काळ हे तिन्ही जुळले पाहिजेत. विसाव्या शतकातले ७६ मिलिमीटरचे अध्यक्षीय पदक बऱ्याचदा वीस-तीस डॉलरमध्ये मिळते, तर लिबर्टास अमेरिकानाची मूळ तांब्याची प्रत हजारो डॉलरला जाते. तिसरा टप्पा गाळणारा माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पैसे भरतो.

लिलावात हातोडी पडते त्या रकमेवर खरेदीदाराचे शुल्क वेगळे असते. मोठ्या लिलावगृहांत ते वीस टक्क्यांच्या आसपास किंवा थोडे वर. त्यावर पाठवणावळ, विमा, विनिमयदर, भारतात मागवत असाल तर सीमाशुल्क आणि आयजीएसटी. सगळे मिळवून येणारी शेवटची रक्कम तुमच्या मर्यादेत बसली पाहिजे. मग तिथून उलट हिशेब करून बोलीची कमाल रक्कम काढा, ती लिहा आणि बोली लावताना कागद समोर ठेवा.

## टप्पा ६ : विक्रेत्याला विचारा

पैसे देण्यापूर्वी एवढे मागून घ्या : दोन्ही बाजूंची सरळ छायाचित्रे, कडेची पूर्ण फिरवून तीन-चार छायाचित्रे, कॅलिपरसह व्यासाचे छायाचित्र, वजन. ‘कधी धुतले, घासले, लाख लावली का?’ हेही विचारा. कडेचे छायाचित्र द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. मी यात अपवाद करत नाही.

एनजीसी किंवा पीसीजीएस या नाण्या-पदकांची पारख करणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीत पदक असेल तर लेबलावरचा मजकूर शब्दशः वाचा. प्रसंगाचे साल ठळक असते आणि पाडण्याचा काळ किंवा ‘रीस्ट्राइक’ हा शब्द बारीक अक्षरांत असू शकतो.

## टप्पा ७ : पदक सुखरूप आणा

जड पदकाचे नुकसान प्रवासातच होते. मखमली डबीत सैल बसलेले पदक वाटभर आपटत येते आणि काठाला चेपे पडतात. विक्रेत्याला लेखी सांगा : पदक डबीतून काढून वेगळे गुंडाळा, डबी वेगळी ठेवा, दोन्ही एका खोक्यात घट्ट बसवा.

भारतात येणाऱ्या पार्सलवर वर्णन खरे हवे : ब्राँझचे पदक, चलनी नाणे नव्हे, मौल्यवान धातू नाही, खरी किंमत. ‘गिफ्ट’ लिहा, किंमत कमी दाखवा असे विक्रेत्याला कधीही सुचवू नका. तो कायद्याचा भंग आहे, आणि पार्सल हरवले तर विम्याची भरपाईही त्या कमी आकड्यावरच होते. कुरिअर कंपन्या सोडवणुकीआधी केवायसी मागतात, म्हणून ओळखपत्र आणि पावतीची प्रत तयार ठेवा.

> सावधान : शंभर वर्षांहून जुने पदक एकदा भारतात आणले की ते परत बाहेर पाठवताना १९७२चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो. परदेशात राहून संग्रह करणाऱ्या मंडळींनी जुनी पदके सुटीत सहज म्हणून इकडे आणण्याआधी याचा विचार करावा. आणलीच तर खरेदीची आणि आयातीची कागदपत्रे जपा.

## टप्पा ८ : पहिले दोन दिवस काहीही करू नका

पदक हातात आले की आपल्या घरात पहिली सूचना येते : ‘काळे पडलेय, जरा पितांबरीने घास.’ चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. देवघरातले तांब्याचे तबक घासणे योग्यच आहे. पदकाचा तपकिरी थर मात्र टांकसाळीने मुद्दाम चढवलेला असतो. तो एकदा गेला की पदक गुलाबी-पिवळे दिसते, संग्राहकाला ते लांबून ओळखू येते आणि किंमत एका दुपारीत कोसळते. मागाहून रंग देऊन ते पूर्ववत होत नाही.

पदक दोन दिवस कोरड्या खोलीत, फडक्यावर, उघडे राहू द्या. मग भिंगाखाली हिरवे डाग शोधा. हिरवे सगळे सारखे नसते.

घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर असेल तर तो सहसा स्थिर असतो. हात लावू नका. चिकट, तेलकट हिरवा ओशट थर असेल तर तो जुन्या पीव्हीसी पाकिटातून आलेला असतो आणि शुद्ध अॅसिटोनने निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात इतर पदार्थ असतात. अॅसिटोन ज्वालाग्राही आहे, खिडकी उघडी हवी आणि गॅस-उदबत्ती बंद. पण विसाव्या शतकातल्या बऱ्याच पदकांवर कारखान्यातच पारदर्शक लाखेचा थर दिलेला असतो आणि अॅसिटोन तोही उतरवतो. म्हणून आधी कडेच्या एका बिंदूवर कापसाच्या काडीने लावून पाहा.

फिकट हिरवी, खडूसारखी, पिठूळ भुकटी हा तिसरा आणि गंभीर प्रकार. क्षारांतले क्लोराइड आणि हवेतला ओलावा मिळून धातू आतून खात जातात. हा ‘ब्राँझ डिसीज’. खात्री करायची तर लाकडी टोकाने भुकटी हलके काढा, पदक ओल्या कापसाच्या बोळ्यासह (पदकाला न टेकता) बंद डब्यात एक-दोन दिवस ठेवा. त्याच जागी पुन्हा भुकटी आली तर रोग जिवंत आहे. पदक ताबडतोब इतरांपासून वेगळे करा, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा आणि मौल्यवान असेल तर संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. घरगुती रसायनांचे प्रयोग करू नका.

## टप्पा ९ : पावसाळा धरून साठवण करा

अमेरिकन मार्गदर्शकांत सांगितलेली साठवण कोकणात, मुंबईत, गोव्यात पुरत नाही. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावाच आपला शत्रू. हवाबंद प्लास्टिकचा डबा (पॉलिप्रॉपिलिनचा), आत रंग बदलणारे सिलिका जेल, आत एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० टक्क्यांच्या खाली ठेवायचा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये मंद आचेवर, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, पुन्हा कोरडे करून घ्या. पावसाळ्यात पदके बाहेर काढून दाखवण्याचा कार्यक्रम टाळा. दमट दिवशी उघडलेला डबा तो ओलावा आत घेऊनच बंद होतो.

पदकासाठी पाकीट मायलरचे किंवा पॉलिप्रॉपिलिनचे घ्या. मऊ, वास येणारे, वाकणारे पाकीट बहुधा पीव्हीसीचे. रबरबँड, लोकरी नमदा, प्लायवुड-एमडीएफचे कप्पे आणि डांबरगोळ्या यांच्यापासून पदके लांब ठेवा. यांतून सुटणारी वाफ धातूला खराब करते. मूळ मखमली डबीसुद्धा पदकाचे कायमचे घर नव्हे. डबी जपा, पण शेजारच्या कप्प्यात.

> तपासा : महिन्यातून एकदा, कोरड्या दिवशी, प्रत्येक पदकाचे दोन्ही चेहरे आणि कड पाहा. नवा हिरवा ठिपका म्हणजे टप्पा ८ पुन्हा.

## टप्पा १० : नोंदवही

प्रत्येक पदकाला स्वतःचा क्रमांक द्या आणि तो पाकिटावर लिहा, पदकावर किंवा डबीवर चिकटवू नका. वहीत व्यक्ती, घराणे, शिल्पकार, सूचीक्रमांक, व्यास, जाडी, वजन, कडेची खूण, पाडण्याचा अंदाजे काळ आणि त्या अंदाजाचा आधार लिहा. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘१८६०-७९, कडेवर मधमाशी’ असे लिहिले की दहा वर्षांनी तुमच्या मुलीलाही ते पडताळता येते. खरेदीची तारीख, विक्रेता, सर्व खर्चासह रक्कम, पावतीची प्रत आणि सीमाशुल्काची पावती एकाच पाकिटात ठेवा. छायाचित्रांना तोच क्रमांक द्या आणि त्यांची एक प्रत घराबाहेर असू द्या.

अंदाज बदलला तर जुनी ओळ खोडू नका. खाली तारीख घालून नवी लिहा आणि मत कशामुळे बदलले ते एका वाक्यात नोंदवा. विकायची वेळ येईल तेव्हा जाणकार खरेदीदार पदक हातात घेण्याआधी हीच वही मागेल.